कुठूनकाका आणि दोन पाट्या

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे कुठूनकाका म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. "काका, तिसरी ओळ बघता का?" असं म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे, "कुठून तिसरी?" "काका, फाइल पुढच्या खोलीत ठेवलीय." "कुठून पुढच्या?" एकदा लिफ्टमधल्या माणसाने दार धरून घाईघाईने विचारलं, "काका, दोन मजले जायचंय ना?" काका म्हणाले, "कुठून दोन?" तो बिचारा विचार करत राहिला, दार मिटलं आणि काका जिने चढून वर आले.

पहिले पाच महिने मला या माणसाचा मनस्वी राग यायचा. आज मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे आहे, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवत नेऊन शेवटी आभाराचा हार घालायचा, हे मला जमत नाही.

आम्ही रुग्णालयांसाठी एक पुस्तिका काढायचो, पिवळ्या कव्हरची, नर्सच्या खिशात मावेल एवढी. कोणतं औषध कोणाला किती द्यायचं, कोणाला मुळीच द्यायचं नाही, हे तिच्यात. गर्भवतींसाठी वेगळी पानं, लहान मुलांसाठी वेगळी, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी वेगळी. ही सगळी पानं एकाच मोठ्या एक्सएमएल फाइलीतून निघत. एक्सएमएल या शब्दाला घाबरू नका. डब्यात डबा, डब्यात डबा, आणि प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, एवढंच ते असतं. औषधाच्या मोठ्या डब्यात नावाचा डबा, मात्रेचा डबा आणि कोणाला चालत नाही ते सांगणारे इशाऱ्यांचे डबे. हव्या त्या डब्यापर्यंत पोचायला वाट लिहावी लागते. त्या वाटा लिहायची एक्सपाथ नावाची एक भाषा आहे, आणि ती लिहायला मला नोकरीवर घेतलं होतं.

काका मुद्रितशोधक. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आधी शिशाचे खिळे जुळवून छापलेली पानं तपासली, मग कात्री-डिंकाने चिकटवलेली, मग पडद्यावरची. पुस्तिका एक्सएमएलवर गेली तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. वरून निरोप आला, आता पानं मशीन काढणार, तपासनीस लागणार नाहीत. ज्यांना राहायचं असेल त्यांनी नवं शिकून घ्यावं. चौघांपैकी तिघांनी नमस्कार केला आणि गेले. काकांनी त्या वाटांच्या भाषेचं जाडजूड पुस्तक छापून घेतलं, त्याला दोरा ओवला आणि ते दवाखान्यात नेऊन वाचायला सुरुवात केली.

दवाखान्यात अशासाठी, की काकूंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, त्यांचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागे. काकू पलंगावर, काका बाजूच्या लोखंडी खुर्चीत, आणि त्यांच्या मांडीवर ते पुस्तक. एकट्याने वाचून डोक्यात शिरत नाही म्हणून ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवत. काकूंना पळून जायची सोय नव्हती. "हा ठिपका म्हणजे कोण?" असं काका विचारायचे आणि काकू डोळे मिटूनच म्हणायच्या, "जो आत्ता समोर आहे तो." जगात डायलिसिस घेताघेता एक्सपाथ शिकलेली बाई बहुधा ती एकटीच.

आणि हेही आधीच सांगून ठेवते, कारण मला ते तेव्हा माहीत नव्हतं आणि तुम्हाला माहीत असायला हवं: काकू ज्या वॉर्डात जायच्या, तिथल्या नर्सच्या खिशात आमचीच पिवळी पुस्तिका असायची. डोकं दुखतंय म्हटलं तरी नर्स आधी ती उघडायची आणि मगच गोळी द्यायची.

मी आले ती ताज्या पदवीची हवा डोक्यात घेऊन. काकांशी पहिली खडाजंगी दुसऱ्याच आठवड्यात झाली. पुस्तिकेच्या सुरुवातीला फाइलीतला सगळ्यात पहिला इशारा नमुना म्हणून छापायचा होता. मी वाट लिहिली: कुठेही असलेला इशारा, क्रमांक एक. आले चारशे बारा. एक मागितला आणि चारशे बारा आले! मी मशीनला, भाषेला आणि ती रचणाऱ्यांच्या सात पिढ्यांना नावं ठेवत होते. काका मागून आले.

"कुठून पहिला?"

"काका, पहिला म्हणजे पहिला! त्यात कुठून काय?"

"अगं, तू गल्लीतल्या प्रत्येक घराला सांगितलंस, तुमचं पहिलं मूल पाठवा. आता गल्ली भरली तर ओरडतेस कशाला? प्रत्येक घरात एक पहिलं असतंच की."

"मग मला एकच हवं असेल तर?"

"आधी सगळी पोरं मैदानात उभी कर. मग त्यांतलं पहिलं घे." त्यांनी माझ्या कागदावर पेन्सिलीने वाटेभोवती कंस काढला आणि क्रमांक एक कंसाच्या बाहेर लिहिला. "हे मैदान."

चाललं. मी आभार मानले नाहीत. "हेच करणार होते" असं काहीतरी पुटपुटले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यांचं म्हणणं एवढंच असायचं की या भाषेत कुठलाच प्रश्न हवेत विचारता येत नाही, कुठेतरी उभं राहूनच विचारावा लागतो. एकाच वाटेला दारातून एक उत्तर मिळतं, माजघरातून दुसरं. सुरुवातीला तिरकी रेघ मारली की तुम्ही कुठेही असा, थेट मुळाशी जाऊन पडता. आणि चौकोनी कंसात शिरलात की तुम्ही तुम्ही राहतच नाही. ज्याची तपासणी चालली आहे, तो बनता. "कंसात गेलीस की स्वतःला विसरायचं," काका म्हणायचे. "तिथे आपण कोण, आपली पदवी काय, काही चालत नाही. समोरचा कोण, तेवढंच." हे मला टोमण्यासारखं लागायचं. आता वाटतं, टोमणाच असणार.

त्यांची काम करायची एक रीत होती. नवं पान छापून आलं की ते लगेच बघायचे नाहीत. ते पालथं घालायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दोन रांगा लिहायचे: दहा गोष्टी ज्या या पानावर असायलाच हव्यात आणि दहा ज्या असता कामा नयेत. मग पान उलटायचे. मी एकदा हसत विचारलं, आधी बघून मग लिहिलं तर काय बिघडतं? ते म्हणाले, "पान बघितलं की जे आहे तेच बरोबर वाटायला लागतं. छापील अक्षराचा फार दरारा असतो बघ. जे आहे ते कुणीही वाचेल. मला जे नाही ते वाचायचं असतं." अर्धं ऑफिस याला म्हातारचळ म्हणायचं. त्या अर्ध्यात मी होते.

त्या वर्षीच्या आवृत्तीची फाइल छापखान्यात दुपारी चार वाजता द्यायची होती. नोकरी पक्की होण्याआधीची माझी परीक्षेची मुदत संपायला तीन आठवडे होते आणि काकांच्या निवृत्तीला दोन महिने. त्यांच्या जागी कुणाला घेणार नव्हते. मूत्रपिंडाच्या रुग्णांची पानं मी नव्याने केली होती. जुन्या पद्धतीत त्यांना चालणाऱ्या औषधांची यादी डॉक्टर हाताने करत. मी म्हटलं, हाताने कशाला? प्रत्येक औषधाच्या डब्यात इशारे आहेतच. ज्यांचा इशारा 'मूत्रपिंड' नाही, ती सगळी औषधं चालणारी. एका ओळीचं काम! नमुना म्हणून वीस औषधांवर चालवून दाखवलं आणि वीसच्या वीस बरोबर आली. विभागप्रमुख मॅडमनी पाठ थोपटली. त्या विसांची पानं काकांनीही तपासून सही केली होती.

अकरा वाजता पूर्ण यादीचं पान छापून त्यांच्या टेबलावर गेलं. साडेअकराला ते माझ्याजवळ आले.

"कोरड्या डोळ्यांत घालायचे साधे थेंब यादीत नाहीत."

"मग नसतील चालत," मी पडद्यावरून नजरही हलवली नाही.

"अगं, ते पाण्यासारखे असतात. ते कोणालाही चालतात. त्यांना इशाराच नाही."

"काका, फाइलीत चुकीचं भरलं असेल कुणीतरी. माझी ओळ बरोबर आहे. वीस तपासली होती ना तुम्हीच? तुम्ही स्वल्पविराम बघा ना, प्लीज. मला अजून सहा पानं काढायचीत."

हे मी बोलले. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला, चार लोकांसमोर. आजही आठवलं की कान तापतात.

काका गेले. मला वाटलं, कटकट टळली. पाच मिनिटांनी परत आले, हातात पान, आणि या वेळी त्यांचं बोट एका ओळीवर टेकलेलं होतं. त्या ओळीत एक साधी पांढरी वेदनाशामक गोळी होती, डोकेदुखीला लोक सर्रास घेतात ती. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ती द्यायची नसते, हे मलाही ठाऊक होतं. आणि माझ्या यादीत ती होती, चालणाऱ्या औषधांत, ठळक टायपात, मात्रेसकट.

"हिच्या डब्यात मूत्रपिंडाचा इशारा आहे," काका म्हणाले. "मी फाइलीत बघून आलो. तरी ती आत आली. कुठून आली?"

मी पडद्यावर माझी एका ओळीची वाट उघडली. ओळ पुन्हा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. इशारा, मग 'नाही' सांगणारं उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह, मग मूत्रपिंड. इशारा मूत्रपिंड नाही. कुठल्या शाळकरी पोराला वाचायला दिलं असतं तरी त्याने हाच अर्थ सांगितला असता.

"ऊठ," काका म्हणाले.

"काय?"

"ऊठ, इकडे ये."

त्यांनी कागदाच्या दोन पट्ट्या फाडल्या. एकीवर लिहिलं 'गर्भवतींना नको', दुसरीवर 'मूत्रपिंडाला नको', आणि दोन्ही माझ्या बाहीला चिकटपट्टीने चिकटवल्या. मग स्वतः प्रिंटरच्या खोलीच्या दारात जाऊन हात आडवे करून उभे राहिले. अख्खा मजला खुर्च्या वळवून बघू लागला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

"तू ती गोळी," काका म्हणाले. "मी तुझी ओळ. तू जे लिहिलंयस तेच विचारणार, एक अक्षर जास्त नाही, कमी नाही. तुझ्याकडे मूत्रपिंडाची नसलेली एखादी पाटी आहे का?"

मी बाहीकडे बघितलं. "आहे. गर्भवतींची."

"मग जा आत." त्यांनी हात बाजूला केला.

मी दारातच थांबले. काकांनी माझ्या बाहीवरच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. "आता तू डोळ्यांचे थेंब. तुझ्याकडे मूत्रपिंडाची नसलेली एखादी पाटी आहे का?"

"माझ्याकडे पाटीच नाही."

"मग थांब बाहेर."

कुणीतरी हसलं. मी हसले नाही. मशीन इतके दिवस हेच विचारत होतं. या भाषेत ते चिन्ह 'एकही तसा नाही' असं विचारतच नाही. 'एखादा तरी वेगळा आहे का' एवढंच विचारतं. ज्याला एकच पाटी त्याच्या बाबतीत दोन्ही प्रश्न सारखेच पडतात, आणि माझ्या नमुन्यातल्या वीसही औषधांना नेमकी एकेकच पाटी होती. ज्याला दोन पाट्या, तो दुसरी पाटी दाखवून बिनदिक्कत आत. आणि ज्याच्या अंगावर काहीच डाग नाही, तो उन्हात उभा.

"आता काय विचारायला हवं?" काकांनी विचारलं.

"मूत्रपिंडाची पाटी आहे का, असं. आहे म्हणाला तर बाहेर, बाकी सगळे आत." मी बोलत बोलतच टेबलाकडे पळाले. 'नाही' हा शब्द आतून काढला, अख्ख्या प्रश्नाभोवती कंस घातला आणि 'नाही' कंसाच्या बाहेर नेऊन ठेवला. एवढीच दुरुस्ती. मोजलं, तर एकतीस औषधं चुकून आत आली होती आणि एकशे अठरा निरुपद्रवी बाहेर राहिली होती. हीच ओळ मी मोठ्या कौतुकाने गर्भवतींच्या आणि लहान मुलांच्या पानांतही वापरली होती.

काकांनी खुर्ची ओढली आणि ते माझ्या शेजारी बसले. घाई कर म्हणाले नाहीत, बघ मी सांगत होतो म्हणाले नाहीत. मी पान काढायचे, ते पालथं घालायचे, दहा आणि दहा लिहायचे, मग उलटायचे. पावणेदोनला मुलांचं पान झालं, अडीचला गर्भवतींचं. मूत्रपिंडाचं त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं. ते दोनदा वाचलं. जिथे ती पांढरी गोळी होती तिथे आता दुसरंच नाव होतं. त्या जागी त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी सही केली. चारला दहा कमी असताना फाइल गेली.

चूक सापडली की तिची चिठ्ठी भरणं हा आमच्याकडचा नियम होता. काय चूक, कधी सापडली, आणि शेवटचा रकाना: कोणाची. काकांनी तिथे लिहिलं, 'प्रश्न चुकीच्या जागी उभं राहून विचारला गेला.' मॅडमनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"काका, हे काय? ही जागा नावासाठी आहे."

मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं. परीक्षेची मुदत, तीन आठवडे, घरी सांगितलेल्या बढाया, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"मग माझं घाला," काका म्हणाले. "नमुन्यावर सही माझी आहे. वीस औषधं आणि वीसच पाट्या. दोन पाट्यांचं एकही नाही, बिनपाटीचं एकही नाही. तपासनिसाला हे दिसायला हवं होतं. ओळ लिहिणाऱ्याने ओळ लिहायची असते, नमुना बघायचं काम माझं."

"तुम्ही तर दोन महिन्यांत चाललात," मॅडम म्हणाल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांनाही सगळं कळत होतं.

"म्हणूनच घाला. मला आता कोण विचारतंय?"

आणि त्या रकान्यात त्यांचं नाव लागलं. चाळीस वर्षांतली ती त्यांच्या नावावरची एकमेव चिठ्ठी. मी गप्प बसले. मी बोलायला हवं होतं आणि मी गप्प बसले, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. तीन आठवड्यांनी माझी नोकरी पक्की झाली.

त्यांच्या शेवटच्या दिवशी निरोपाच्या भेटी उचलायला त्यांना दोन हात पुरेनात, म्हणून मी बरोबर गेले. मला वाटलं घरी जायचंय, पण ते दवाखान्यात गेले. काकूंचा डायलिसिसचा वार होता. काकू पलंगावर होत्या, यंत्र घुरघुरत होतं, आणि नर्स वाकून विचारत होती, "डोकं फार दुखतंय का?" मग तिने खिशातून पिवळी पुस्तिका काढली. आमची, त्या वर्षीची. तिने मूत्रपिंडाचं पान उघडलं, बोट फिरवलं आणि दुसरीच एक गोळी आणायला गेली.

 त्या दिवशी साडेअकराला हा माणूस माझ्या टेबलाशी उभा होता तेव्हा त्याला हे माहीत होतं. ते पान कोणाच्या उशाशी उघडणार हे ठाऊक असून त्याने माझं 'स्वल्पविराम बघा ना' ऐकून घेतलं, परत गेला, फाइल तपासली आणि बाहीला पट्ट्या चिकटवल्या.

बाहेरच्या बाकावर मी विचारलं, "तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

"की काकू इथे..."

"सांगितलं असतं तर तुझे हात थरथरले असते," ते म्हणाले. "थरथरत्या हातांनी कंस चुकीच्या जागी पडतो. चार वाजता फाइल जायची होती." मग भेटींची पिशवी पायाशी ओढत, "माझे थरथरत होते. म्हणून तर तू पान काढायचीस तेव्हा टेबलाखाली ठेवायचो. तू बघितलं नाहीस, बरं झालं."

त्यानंतर मी त्यांच्याकडे जायला लागले. आधी महिन्यातून एकदा, मग दर रविवारी. दोन खोल्या, खिडकीशी काकूंची आरामखुर्ची, फळीवर दोरा ओवलेलं ते जाड पुस्तक. मी ऑफिसातली कोडी घेऊन जायचे आणि तिघं मिळून सोडवायचो. एकदा माझी एक वाट रिकामी यायला लागली. डोळे फोडून बघितलं तरी काही सापडेना. काकूंनी स्वेटर विणताविणता विचारलं, "मोठ्या डब्यावर घराण्याचं नाव लावलंय का कुणी? मग आतले सगळे त्या घराण्याचे झाले. नुसत्या नावाने हाक मारलीस तर ओ कोण देणार?" नेमकं तेच निघालं. काका अभिमानाने माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांनीच सोडवलं.

सहा वर्षं अशी गेली. मला बढती मिळाली, हाताखाली माणसं आली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी दोन पट्ट्या फाडून देते आणि दारात उभी राहते. सगळे हसतात. हसू देत. त्या ओळीच्या शेजारी फाइलीत मी एक टीप लिहून ठेवली आहे: इथे औषध होऊन उभं राहा आणि मग प्रश्न वाच. पण काकूंसमोर ती गोष्ट मी कधी काढली नाही. काकांनीही नाही. दर रविवारी काकूंच्या हातचा चहा मात्र पीत राहिले.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी काका आत चहा ठेवायला गेले. आता काकूंना फार वेळ उभं राहवत नाही, चहा काकाच करतात. मी काय बोलते आहे हे कळायच्या आत बोलून गेले.

"काकू, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक चिठ्ठी लागली होती त्यांच्या नावावर. मूत्रपिंडाच्या पानाची. ती चूक माझी होती. ती गोळी यादीत मी घातली होती. मी तेव्हा बोलले नाही."

काकूंच्या सुया थांबल्या नाहीत. "माहीत आहे की."

"त्यांनी सांगितलं?"

"त्याच संध्याकाळी. दोन पाट्यांचं सगळं करून दाखवलं मला, या इथे दारात उभं राहून. म्हणाले, पोरगी तापट आहे, पण एकदा पटलं की पळत सुटते. ठेवून घ्यायला हवी."

मला रडू आवरेना. काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि आतल्या खोलीकडे बघून आवाज जरा खाली आणला.

"तुला ती पांढरी गोळी माहीत आहे ना? माझं डोकं दुखायचं गं, लग्न झाल्यापासून. मग हे रोज संध्याकाळी कामावरून येताना ती आणायचे. न सांगता, न विसरता. वर्षानुवर्षं. मला आवडायचं, कोणी एवढं लक्षात ठेवतंय म्हणून. आम्हाला काय ठाऊक ती आत काय करतेय. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता." त्यांनी माझा हात हातात घेतला. "हे त्यावर एक शब्द बोलले नाहीत. अकरा वर्षं. मग एक दिवस यंत्राशेजारी बसून म्हणाले, तुला मी आजारी पाडलं. मी म्हटलं, हो, आणि दर वेळी इथे कोण बसतं? आणि तुला गं, किती वर्षं लागली मला सांगायला?"

"सहा."

"मग तू त्यांच्यापेक्षा बरी आहेस."

मी रडता रडता हसले. पालथ्या पानावर त्या दोन रांगा त्यांना का लिहाव्या लागायच्या, पुस्तक नेमकं यंत्राशेजारीच बसून का शिकायचं होतं, ते मला आत्ता कुठे कळलं. माझ्या चुकीवर त्यांनी स्वतःचं नाव का लावून घेतलं, तेही.

काका ट्रे घेऊन आले. तीन कप आणि एका बशीत काकूंच्या संध्याकाळच्या गोळ्या. माझे लाल डोळे त्यांनी बघितले, काकूंकडे बघितलं.

"गप्पा कुठून कुठे गेल्या?"

"कुठेही नाही," काकू म्हणाल्या. "इथेच आहोत."

काकांनी चष्मा खाली ओढला, एकेक वेष्टन उजेडात धरून त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, पिवळ्या पुस्तिकेतल्या पानाशी ताडून बघितलं आणि चार गोळ्या स्वतःच्या तळहातावर मांडल्या. तो हात त्यांनी काकूंपुढे धरला. आता तो थोडा थरथरतो.

काकू माझ्याशीच बोलत होत्या. त्यांनी गोळ्या उचलल्या आणि न बघता तोंडात टाकल्या.